मंडोळी रस्त्यावरील वसाहतीसाठी समुदाय भवन : स्वतः उभारावे की निधी मागावा?

मंडोळीरोडकर

नमस्कार. आमची वसाहत बेळगावात टिळकवाडीच्या पुढे, मंडोळी रस्त्याच्या अंगाला आहे. घरे दीडशेच्या आसपास असतील. उद्यमबागेतील फौंड्र्यांत आणि मशीन शॉपमध्ये काम करणारे, निवृत्त सैनिक, बँकेतून व शाळेतून निवृत्त झालेले, आणि ज्यांच्या भातशेतीवर हे प्लॉट पडले ती मूळ शेतकरी कुटुंबे, अशी मिश्र वस्ती आहे. गणपतीचा मंडप रस्त्यावर पडतो, हळदीकुंकू कोणाच्या तरी गच्चीवर होते आणि वसाहतीची बैठक देवळाच्या कट्ट्यावर भरते. पाऊस आला की ती तशीच मोडते. आमच्याकडे बेळगावचा पाऊस जूनपासून गणपतीपर्यंत हटत नाही, हे येथील वाचकांना सांगायला नको.

लेआउटमध्ये एक मोकळी जागा आहे. तिच्यावर समुदाय भवन व्हावे, यावर सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो पुढच्या पायरीवर. एका गटाचे म्हणणे असे की आमदार निधीतून इमारत मागावी, म्हणजे कोणाच्या खिशाला झळ लागणार नाही. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की स्वतःची संस्था नोंदवून वर्गणीतून बांधावे, म्हणजे ते खरोखर आपले राहील. तिसराही एक आवाज आहे, तो म्हणतो की लग्नाला देण्याजोगे सभागृहच बांधा, भाड्यातून सगळे भागेल. सीमाभागात ज्यांनी असे काही उभारले आहे किंवा उभारलेले चालवत आहेत, त्यांनी अनुभव लिहावेत ही विनंती.

नाना अनगोळ

निधी, वर्गणी आणि भाडे हे तिन्ही प्रश्न नंतरचे आहेत. साध्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्या इमारतीत कोण बसलेले असेल, याचे उत्तर आधी लिहून काढा. उत्तर सापडले नाही तर बांधू नका.

कुंदाप्रेमी

वास्तुशांतीला मांडे असणार असतील तर अवश्य कळवावे.

मंडोळीरोडकर

कुंदाप्रेमी, इमारतच अजून मनात आहे, तेव्हा मांडेही मनातलेच समजा. नाना, आपला प्रश्न बोचला, पण रास्त आहे. विचार करून लिहितो.

लेखापाल

अनेक वर्षे संस्थांचे हिशेब तपासण्याचे काम केले असल्यामुळे कागदांपासून सुरुवात करतो. पहिला कागद म्हणजे लेआउटचा मंजूर नकाशा. ती मोकळी जागा नकाशात उद्यान म्हणून दाखवली असेल, तर तिच्यावर भवनाचा विचार सोडून द्यावा. उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा यांच्या रक्षणासाठी कर्नाटकात १९८५ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि उद्या एखाद्या रहिवाशाने न्यायालयात धाव घेतली तर बांधलेली भिंत पाडावी लागेल. ती जागा नागरी सुविधेसाठी राखीव, म्हणजे बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) भाषेत सी.ए. साइट असेल, तर ती त्या प्राधिकरणाकडे असते आणि नोंदणीकृत संस्थेला अर्ज करून भाडेपट्ट्याने घेता येते. तिसरी शक्यता अशी की लेआउट कधी मंजूरच झाला नव्हता आणि उताऱ्यावर ती अजून मूळ मालकाची शेतजमीन आहे. तसे असेल तर १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून बिगरशेती करून घेतल्याशिवाय एक वीटही ठेवू नये. मालक जागा प्रेमाने देत असेल तरी तोंडी शब्दावर किंवा शंभराच्या बाँडवर थांबू नका. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र दोन साक्षीदारांनिशी उपनिबंधकांकडे नोंदवल्याखेरीज कायद्याने पूर्ण होत नाही. देणारा गेल्यावर त्याची मुले काय म्हणतील, हे आज कोणी सांगू शकत नाही.

दुसरा प्रश्न संस्थेचा. १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. त्यात दरवर्षी सर्वसाधारण सभा, तपासलेला ताळेबंद आणि कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे देणे बंधनकारक असते. ट्रस्ट करायचा असेल तर विश्वस्तपत्र उपनिबंधकांकडे नोंदवतात. त्यात निवडणूक नसते, विश्वस्त बहुधा तहहयात राहतात आणि पुढचे विश्वस्त तेच निवडतात. देणगीदाराने एखाद्या हेतूने मोठी रक्कम बाजूला काढली असेल, तर ट्रस्ट योग्य. दीडशे घरांच्या वसाहतीला माझ्या मते संस्थाच बरी, कारण नाराज माणसाला मत द्यायला एक जागा राहते. ती जागा नसली की तो नाराज माणूस अर्ज करीत सुटतो.

नाना अनगोळ

लेखापाल, आमच्या भागात देवस्थान पंच कमिटीची नोंदणी जुनी आहे. नवी संस्था काढण्याच्या खटाटोपापेक्षा तिच्याच नावावर भवन घेतले तर चालणार नाही का? पंचांचा शब्द गल्लीत मोडत नाही, हाही एक फायदा आहे.

लेखापाल

नाना, १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात असल्याने येथील जुन्या देवस्थानांची आणि संस्थांची नोंदणी १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली झालेली आढळते. ते नोंदणीपत्र सांभाळून ठेवावे, त्याला मोल आहे. परंतु देवस्थानाच्या मालमत्तेचे नियम निराळे आहेत, आणि तिच्या नावावर घेतलेले भवन उद्या गल्लीतील ख्रिस्ती किंवा मुसलमान कुटुंबाला बारशासाठी द्यायचे की नाही, हा प्रश्न पंचांपुढे येईल. शिवाय देवाची दानपेटी आणि भवनाचे भाडे एका वहीत गेले की कोणत्या पैशातून काय झाले, हे दोन वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. पंचांना सल्लागार म्हणून घ्यावे, वही मात्र स्वतंत्र ठेवावी.

घाटमाथा मास्तर

खानापूर तालुक्यातील एका खेड्यात नोकरी झाली, तेथील अनुभव लिहितो. सरकारी निधीतून समुदाय भवन मंजूर झाले, नारळ फुटला, वर्षभरात इमारत उभी राहिली आणि उद्घाटनाची कोनशिला बसली. पुढे किल्ली कोणाकडे राहावी यावर गावात एकमत झाले नाही. ग्रामपंचायत म्हणे आमची इमारत, युवक मंडळ म्हणे आमच्या मागणीमुळे झाली. तोवर तेथे कोणाच्या तरी खताच्या पिशव्या आल्या, मग निवडणुकीचे साहित्य आले, मग खिडक्यांच्या काचा गेल्या. मी बदली होऊन निघालो तेव्हा पंख्यांचे फक्त हूक शिल्लक होते.

आणखी एक गोष्ट, जी आराखडा काढणाऱ्याला कोणी सांगत नाही. छत पत्र्याचे होते. आमच्याकडे जुलैत पाऊस पत्र्यावर पडू लागला की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस काय म्हणतो ते ऐकू येत नाही. पंधरा ऑगस्टचे भाषण मी तेथे हातवारे करून आटोपले आहे. परवडत असेल तर स्लॅब घाला. नसेल तर खालून फॉल्स सीलिंग तरी करा, किंवा खापरी कौलांचा विचार करा. खानापूरची वीट आणि कौल अजून मिळते, आणि कौलाखाली माणूस बोललेला कळतो.

निपाणी पाहुणा

मास्तरांचा अनुभव खरा असेल, पण त्यावरून निधीच नको असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. कर्नाटकात आमदाराला वर्षाला दोन कोटींचा स्थानिक विकास निधी असतो आणि खासदाराला पाच कोटींचा. तो आपल्याच कराचा पैसा आहे. आपण मागितला नाही तर तो दुसऱ्या गल्लीत जाईल. स्वाभिमानाच्या नावाखाली विडी कामगार बाईकडून वर्गणी काढायची आणि सरकारी पैसा परत जाऊ द्यायचा, यात मला काही शहाणपण दिसत नाही. आमच्या शेजारच्या भागात निधीतून झालेले भवन उत्तम चालले आहे, कारण इमारत सरकारची असली तरी रोजचा वापर बायकांच्या स्त्रीशक्ती संघांनी ताब्यात घेतला. इमारत पडून राहते ती वापरणारा नसल्यामुळे.

मंडोळीरोडकर

निपाणीकर, मग नानांच्या मंगळवारच्या प्रश्नावरच आपण पुन्हा येतो.

निपाणी पाहुणा

येतो खरे. मात्र एक सावधगिरी सांगतो. निधीतून झालेली इमारत सार्वजनिक मालमत्ता राहते, काम कोणत्या यंत्रणेकडे जाईल हे आपण ठरवत नाही, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवे काम सुरू होत नाही. त्यामुळे निधी मागायचाच असेल तर संपूर्ण भवनासाठी न मागता कंपाउंड, पेव्हर, गटार, बोअरवेल अशा सुट्या कामांसाठी मागा. आतले सभागृह आपले, बाहेरचे आवार निधीचे. भांडण झाले तरी ते आवारात होईल.

वडगावची काकू

मी महिला मंडळाची भांडी सांभाळते. तुम्ही सगळे कायदे सांगता आहात, मी वही सांगते. आमच्याकडे पातेली, पराती, झारे, ओगराळी, पाण्याची पिंपे आणि दोन गल्ल्यांना पुरतील इतकी ताटे-वाट्या आहेत, शिवाय जमखाने. प्रत्येक परातीच्या काठावर मंडळाचे नाव मशीनने कोरून घेतले आहे, कारण न कोरलेली परात आचाऱ्याच्या टेम्पोतून निघून जाते आणि नंतर तो "आमचीच होती" म्हणून शपथा घेतो. भांडी नेताना नेणाऱ्याने स्वतः मोजायची आणि सही करायची. आणताना मी मोजते. बूड करपलेले असेल तर घासून आणल्याशिवाय अनामत परत मिळत नाही. वाटी हरवली तर वाटीच आणून द्यायची, पैसे घेत नाही, कारण पैसे घेतले की पुढच्या वेळी वाटी कमीच भरते.

हे सारे सांगायचे कारण असे की पहिल्याच वर्षी एका मोठ्या पुढाऱ्याच्या घरून भांडी परत आली तेव्हा चार चमचे कमी होते. मी अनामत धरून ठेवली. बराच गवगवा झाला, मला मंडळातून काढा असेही कोणी म्हणाले, पण दुसऱ्या आठवड्यात चमचे आले. त्यानंतर वहीवर कोणी वाद घातला नाही. तुमच्या भवनातही पहिली सवलत अध्यक्षांच्या घरच्या कार्यालाच मागितली जाईल. ती दिलीत की वही बंद करून टाका.

सुभेदार

काकूंना सलाम. पलटणीत क्वार्टरमास्टरही याहून निराळे करीत नाही.

वर्गणीबद्दल एक सूचना. एकरकमी पंचवीस हजार मागितले की पगारदार माणूसही तोंड फिरवतो. आपल्याकडे पिग्मीची सवय घरोघर आहे. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये ती सुरू केली तेव्हापासून पानपट्टीवाल्यापासून विणकरापर्यंत सर्वांना रोजचे थोडे थोडे द्यायचे कळते. आमच्या माजी सैनिकांच्या गटाने याच पद्धतीने पैसे उभे केले. ज्याला रोज दहा रुपये जमतात त्याने दहा द्यावेत, पेन्शन येणाऱ्याने महिन्याला द्यावे, आणि रक्कम थेट संस्थेच्या नावाच्या खात्यात जावी, कोणा एकाच्या मोबाइलवर नव्हे. खात्यावर कोणत्याही दोघांच्या सह्या आवश्यक ठेवा, आणि ते दोघे एका घरातले नसावेत.

पुण्यातला बेळगावकर

आम्ही बाहेरगावी असलेले लोकही मदत करू इच्छितो. माझा भाऊ अमेरिकेत आहे, तो मोठी रक्कम द्यायला तयार होईल. शिवाय देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत देणारी ८०-जी नोंदणी असेल तर देणगीदार वाढतील असे वाटते.

लेखापाल

बंधूंचा पासपोर्ट कोणता आहे ते आधी विचारा. ते अजून भारतीय नागरिक असतील तर त्यांच्या स्वतःच्या कमाईतील देणगी विदेशी मानली जात नाही. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओ.सी.आय. कार्ड असले तरी ती विदेशी देणगी होते, आणि केंद्राच्या गृहखात्याकडील एफ.सी.आर.ए. (विदेशी देणगी नियमन कायद्याखालील) नोंदणीशिवाय संस्थेला एक रुपयाही घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच उतरावा लागतो. नव्या छोट्या संस्थेने या वाटेला जाऊ नये.

८०-जी जरूर घ्या, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. रोख दोन हजारांवरच्या देणगीला ही सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदाराला तिचा उपयोगच होत नाही. उद्यमबागेतील एखादी मोठी कंपनी सी.एस.आर.मधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, देऊ पाहत असेल, तर मात्र प्राप्तिकर खात्याची नोंदणी आणि कंपनी मंत्रालयाकडील सी.एस.आर. क्रमांक, दोन्ही लागतील.

अण्णा मंगल कार्यालयवाले

धाग्यातील तिसऱ्या आवाजाची बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून मांडतो. वीजबिल, रखवालदार, झाडलोट, रंग, पंप, हे सगळे वर्गणीतून कायम भागत नाही. माणूस बांधकामाला देतो, झाडूला देत नाही. भाडे हवेच. लग्नाला भवन दिले तर वसाहतीतल्या गरीब घराला स्वस्तात कार्यालय मिळते, हे पुण्यही लहान नाही.

हुक्केरीचा शेजारी

अण्णा, आपल्या व्यवसायाचा आदर ठेवून विरोध नोंदवतो. आमच्या वसाहतीत असेच भवन झाले. पहिल्या वर्षी योगवर्ग, मुलांची चित्रकला, ज्येष्ठांची बैठक असे सारे होते. मग मुहूर्ताच्या दिवसांत योगवर्ग रद्द, नंतर आदल्या दिवशीही रद्द कारण आचारी येतात, नंतर दुसऱ्या दिवशीही रद्द कारण फरशी धुवायची असते. ज्येष्ठ मंडळी पुन्हा रस्त्याकडेच्या कट्ट्यावर गेली. आता भवनाला उत्पन्न भरपूर आहे, आणि आम्हा रहिवाशांच्या वाट्याला गाड्यांची गर्दी आणि डी.जे. आहे.

लेखापाल

अण्णा आणि शेजारी, दोघांच्याही म्हणण्यात आकड्यांची भर घालतो. भाड्याचे वार्षिक उत्पन्न वीस लाखांवर गेले की जी.एस.टी. नोंदणी लागते आणि भाड्यावर अठरा टक्के कर येतो. भाड्याचे उत्पन्न जितके वाढेल तितका प्राप्तिकर खात्याचा "हा धर्मादाय की धंदा" हा प्रश्न जवळ येईल. वीज पुरवणाऱ्या हेस्कॉमकडून मिळणाऱ्या, राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेच्या दोनशे मोफत युनिटांवर विसंबू नका, ती घरगुती जोडणीसाठी आहे. आणि आवाजाबाबत २००० सालचे नियम पाहा. रात्री दहानंतर बंदिस्त सभागृहाला आतल्या आत ध्वनिवर्धकाची मुभा असली, तरी निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खिडक्या उघड्या असलेले सभागृह बंदिस्त ठरत नाही.

मधला मार्ग असा. महिन्यातील ठरावीक दिवसच भाड्यासाठी काढावेत, वसाहतीच्या उपक्रमांचे वेळापत्रक वर्षारंभी लावून टाकावे, आणि त्या वेळापत्रकावर लग्नालाही कुरघोडी करू देऊ नये.

अण्णा मंगल कार्यालयवाले

हे मान्य. फक्त तुळशीच्या लग्नानंतरचे दोन महिने मोकळे ठेवा, नाहीतर भाडे येणार नाही आणि मग मला दोष द्याल.

वाचनकट्टा

मूळ प्रश्नाकडे थोडे वळसा घालून येतो. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा या गावांनी मराठी साहित्य संमेलने भरवून दाखवली, ती गावाच्या मंडपात, गावाच्या वर्गणीवर. ग्रंथदिंडी, पाहुण्यांचा मुक्काम, जेवणाच्या पंगती, निमंत्रणे, हे सगळे गावातल्या मंडळींनी वाटून घेतले. त्यासाठी आधी सभागृह बांधावे लागले नाही. जी मंडळी मंडपात वर्षानुवर्षे एकत्र काम करतात त्यांना एक दिवस इमारत मिळाली तर ती चालते. केवळ इमारतीसाठी जमलेले लोक इमारत झाली की पांगतात.

म्हणून माझी सूचना अशी की मंडोळीरोडकरांनी एखाद्या रिकाम्या घराची खालची खोली भाड्याने घ्यावी, एक वृत्तपत्र मराठी आणि एक कन्नड लावावे, कपाटभर पुस्तके ठेवावीत आणि वर्षभर ती उघडून पाहावी.

भरतीवाला

खोली घेतलीत तर अभ्यासिका करा, कृपया. आमच्या वयाची पोरे पोलीस भरती, के.पी.एस.सी. आणि अग्निवीरसाठी अभ्यास करतात, घरात टी.व्ही. चालू असतो, शहरातल्या अभ्यासिकांचे मासिक शुल्क परवडत नाही. आम्हाला टेबल, दिवा आणि रात्री दहापर्यंत उघडे दार, एवढेच हवे आहे. झाडलोट आम्ही करू. नानांचा मंगळवार आम्ही भरून काढतो.

नाना अनगोळ

हा मुलगा मला आवडला.

भालकीकर

बीदरकडून एक भर घालतो. आमचा भाग निजामाच्या राज्यातला, त्यामुळे कागदपत्रांची परंपरा तुमच्याहून वेगळी, पण भाषेचा प्रश्न तोच. नावाच्या पाटीचे काय करणार आहात? नाव "मराठी भवन" ठेवणार का? आमच्याकडे अशा नावावरून बरीच ओढाताण झालेली पाहिली आहे.

मंडोळीरोडकर

हा विषय निघणार हे ठाऊक होते. आमच्यात काहींचा आग्रह तसाच आहे. त्यांचे म्हणणे असे की मराठी माणसाला स्वतःच्या भाषेत जमायला जागा उरलेली नाही, आणि राज्यघटनेच्या कलम २९ ने आपली भाषा व संस्कृती जपण्याचा हक्क दिलेला आहे. हे चूक आहे असे मी म्हणत नाही. परंतु वसाहतीत कन्नड, उर्दू आणि कोंकणी बोलणारी घरेही आहेत, आणि वर्गणी त्यांच्याकडूनही येणार आहे.

हुक्केरीचा शेजारी

माझी घरची भाषा कन्नड आहे, तेव्हा स्पष्टच लिहितो. माझ्या गल्लीतले भजनी मंडळ मराठी आहे आणि मी त्यात पेटी वाजवतो. भवनात मराठी नाटक झाले, मराठी व्याख्यान झाले, तर मी पहिल्या रांगेत असेन. नाव मात्र वसाहतीचे असू द्या. सदस्यत्वाच्या अर्जात भाषेचा रकाना आला, तर मी वर्गणी देईन पण अर्ज भरणार नाही.

लेखापाल

पाटीपुरते सांगतो. २०२२ च्या कन्नड भाषा सर्वंकष विकास कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनुसार नामफलकावर साठ टक्के कन्नड असावे लागते, आणि त्यात दुकानांबरोबर ट्रस्टही येतात. उरलेल्या चाळीस टक्क्यांत सुबक मराठी बसते. रंगाऱ्याला माप लिहून द्या, अंदाजावर सोडू नका. निबंधकांकडे जाणारी कागदपत्रे कन्नडमध्ये नीट लिहिणारा एक माणूस कार्यकारिणीत असावाच. इतिवृत्त मराठीत लिहिले तरी प्रत्येक ठरावाचा कन्नड मसुदा त्याच दिवशी तयार करावा. सहा महिन्यांनी केलेला अनुवाद आणि मूळ ठराव यांत रकमेचा फरक पडलेली प्रकरणे मी तपासली आहेत.

वडगावची काकू

शेजारी पेटी वाजवतात, मग त्यांनाच घ्या की कार्यकारिणीत. कन्नड लिहिणारा माणूस शोधायला नको.

हुक्केरीचा शेजारी

काकू, मी त्या वसाहतीत राहत नाही, नाहीतर तुमचा शब्द मोडण्याची हिंमत केली नसती.

घाटमाथा मास्तर

खेड्यातल्या वाचकांसाठी एक ओळ. ग्रामपंचायत हद्दीत जागा असेल तर ई-स्वत्तूतील (ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीतील) नमुना ९ आणि ११ संस्थेच्या नावावर निघाल्याशिवाय बांधकामाला हात घालू नये, पी.डी.ओ.ने (पंचायत विकास अधिकाऱ्याने) तोंडी "होईल" म्हटले, यावर विसंबू नये.

मंडोळीरोडकर

इतक्या मंडळींनी वेळ दिला, सर्वांचा आभारी आहे. मंजूर नकाशाची प्रत काढली. मोकळ्या जागेचा एक तुकडा उद्यान आहे आणि त्याला लागूनचा लहान तुकडा नागरी सुविधेचा आहे. म्हणजे भवन त्या लहान तुकड्यावरच बसवावे लागेल आणि ते ज्यांनी कल्पिले होते त्यापेक्षा बरेच लहान होईल. त्यामुळे मोठे मंगल कार्यालय बांधण्याचा विषय आपोआप मागे पडला. अण्णांनी राग मानू नये.

काल देवळाच्या कट्ट्यावर बोलणे झाले. संस्था नोंदवायची, नाव वसाहतीचे ठेवायचे, पहिल्या कार्यकारिणीत निम्म्या स्त्रिया घ्यायच्या, आणि सी.ए. साइटचा अर्ज निकाली निघेपर्यंत एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी देऊ केलेल्या तळमजल्याच्या दोन खोल्यांत सकाळी वृत्तपत्रे आणि संध्याकाळी अभ्यासिका चालवायची, इथवर लोक आले आहेत. निधीचा विषय निपाणीकरांनी सांगितला तसा, बाहेरच्या कामांपुरता, पुढे ठेवला. पिग्मीची कल्पना सुभेदारांच्या नावासकट मान्य झाली. वर्गणी न देणाऱ्या घरातील मुलांना अभ्यासिकेत घ्यावे का, यावर मात्र तासभर वाद झाला आणि तो मिटलेला नाही.

भरतीवाला

घ्यावे. ज्यांचे वडील देत नाहीत त्यांनाच जागेची गरज जास्त असते.

सुभेदार

घ्यावे, पण पाळीने झाडू त्यांच्याही हातात द्यावा. वर्गणी देणाऱ्यांच्या मुलांच्याही.

निपाणी पाहुणा

बाहेरची मुले आली म्हणून जागा अपुरी पडू लागली तर वाईट वाटून घेऊ नका. बुडाकडे अर्ज करताना अभ्यासिकेचे हजेरीपुस्तक सोबत जोडा. रिकाम्या जागेवर काय करणार आहोत हे सगळेच लिहितात. आज काय चालू आहे हे दाखवणारे थोडे असतात.

मंडोळीरोडकर

हे उत्तम सुचवलेत. एक शेवटची शंका. पोटनियमांचा मसुदा लिहीत आहे. त्यात किल्ली कोणाकडे राहील, दार किती वाजता उघडेल, भाड्याचे दिवस कोणते आणि अनामत किती, हे सगळे कलमवार घालावे असा माझा विचार आहे, म्हणजे मास्तरांच्या गावासारखे होणार नाही. योग्य आहे का?

लेखापाल

नाही. पोटनियमांत फक्त एवढे लिहा की भवनाच्या वापराचे नियम सर्वसाधारण सभा ठरावाने करील आणि ते दर्शनी फलकावर लावले जातील. किल्ली, वेळा, अनामत आणि भाडे हे ठरावात ठेवा. पोटनियम बदलायचे तर विशेष सभा, ठराविक बहुमत आणि निबंधकांकडील नोंद असे सगळे करावे लागते, आणि दार आठऐवजी सातला उघडण्यासाठी हा व्याप कोणी करणार नाही. मग लोक नियम न बदलता तो मोडू लागतात. ठराव पुढच्या सभेत बदलता येतो. मसुदा येथे टाका, रविवारी पाहून सांगतो.